डेब्रिज: गोण्या मोजू नका, वजन मोजा

एक प्रश्न आलाय: ५ बाय ७ फुटांच्या बाथरूमचं डेब्रिज, म्हणजे तोडफोडीचा राडारोडा, एका छोट्या हत्तीत (टाटा एस, छोटा टेम्पो) मावेल का? मावेल, पण पेलणार नाही. सात फुटांपर्यंतच्या भिंती आणि तळ मिळून साधारण १९ चौरस मीटर होतात. टाइल आणि मागचा मसाला (सिमेंट-वाळूचा थर) धरून चौरस मीटरला ६० किलो, म्हणजे ११०० किलोच्या पुढे. गाडीची क्षमता साधारण ७५० किलो. हौदा अर्धा रिकामा दिसतो म्हणून भरत राहिलात, तर पाटे (गाडीच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) बसतात आणि ब्रेक उशिरा लागतो. दोन फेऱ्या धरा.

सिमेंटची रिकामी गोणी डेब्रिजने अर्धीच भरा, २५-३० किलो. तोंड बांधता येतं आणि जिन्यात फाटत नाही. टाइलचे तुकडे आडवे टाका, उभी धार गोणी कापते. कमोड फोडूनच भरा, नाहीतर पोकळी वाया जाते. पण फोडताना गॉगल हवाच, काचेसारख्या चिपा उडतात. जड गोण्या केबिनच्या बाजूला, हलक्या मागे. हौद्याच्या कडेच्या फळकुटाच्या वर माल नको. पावसाळ्यात गोण्या उघड्यावर ठेवू नका, भिजलेला मसाला भलताच जड होतो. वरून ताडपत्री, दोरीने आवळून. नळ, सळया आधीच भंगारवाल्याला द्या.