"बाळ पोटात असतं, मग वरण त्याच्या डोक्यावर पडतं का?" पाचवं लागलेल्या मुलाला किती सांगावं?

कोथरूडची आई

मला सातवा महिना चालू आहे. परवा जेवताना मुलाने वरचा प्रश्न विचारला. मी म्हटलं, जेवणाची जागा वेगळी आणि बाळाची वेगळी, बाळ गर्भाशयात असतं. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे पिशवीत रे." तर तो खुंटीवरच्या भाजीच्या पिशवीकडे बघायला लागला! मग विचारलं, बाहेर कुठून येणार? मी सांगितलं, बाईला शूच्या जागेजवळ बाळासाठी वेगळी वाट असते, तिथून. नाहीतर डॉक्टर पोटावर छेद देऊन काढतात, तू तसा आलास. टाक्यांची खूण दाखवली. त्याने तिच्यावरून बोट फिरवलं, "दुखलं का?" विचारलं आणि ताक मागितलं.

सासूबाई दोन दिवस माझ्याशी नीट बोलत नाहीयेत. देवबाप्पाने दिलं एवढं पुरे होतं, असं त्यांचं म्हणणं. मला पोराच्या पहिल्याच प्रश्नाला खोटं बोलायचं नव्हतं. तुम्हाला काय वाटतं?

वाईची बालवाडीताई

राग मानू नका, पण सासूबाईंचं मला पटतं. मी तीस वर्षं बालवाडी चालवली. एका मुलाने असंच घरी ऐकलेलं डबा खाताना सगळ्यांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी पालक दारात, "असली मुलं आमच्या मुलांजवळ बसवू नका." त्यात त्या पोराची काय चूक? पण भोगलं त्यानेच, कितीतरी दिवस त्याच्याशी कोणी खेळेना. तुम्ही घरात मोकळ्या असाल, बाहेरचं जग तसं नाही. आणि देवबाप्पाने दिलं म्हणणं ही फसवणूक नव्हे. पाचवीला सटवाई येऊन कपाळावर लिहून जाते, हे ऐकत आपण वाढलोच की. वय झालं की आपोआप कळतं.

सांगोलेकर

ताई, "आपोआप कळतं" यावर मला बोलायचंय. आमच्या गोठ्यात सगळं उघड. म्हैस गाभण आहे, व्याली, वार पडली का, हे सहा वर्षांची पोरं बोलायची. रात्री म्हैस अडली तर बॅटरी धरायला आम्हीच. पण म्हैस व्याते आणि बाई बाळंत होते, हे एकच, असं कुणी कधी सांगितलं नाही. आई चार दिवस बाजूला बसली की "कावळा शिवला". माझी बहीण तेरा वर्षांची असताना तिला पहिल्यांदा पाळी आली, तेव्हा आपण मरणार म्हणून ती कडब्याच्या गंजीआड जाऊन बसली. संध्याकाळपर्यंत आम्ही तिला शोधत होतो. तिला आपोआप काय कळलं?

टाके नकोत

खरं सांगण्याला माझी ना नाही, पण टाके दाखवायला नको होते. आम्हीही मुलीला सिझरचं सांगितलं होतं. ती महिनाभर पोटावर दोन्ही हात घट्ट ठेवून झोपायची. "माझं पण कापतील का?" तुमच्या मुलाने ताक मागितलं, आमची रडली. मूल बघून सांगावं, एवढंच.

बालरोगवाला

दवाखान्यात रोज बघतो. कुठे दुखतंय विचारलं की मूल "पोट" म्हणतं, कारण खालच्या अवयवांना त्याच्याकडे शब्दच नसतात. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पोक्सो कायदा २०१२ साली आला, १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे. पण कोणी कुठे हात लावला हे मुलाला सांगताच आलं नाही, तर पुढचं सगळं अडतं.

बाकी हा वाद जुना आहे. संततिनियमनाचा प्रचार करणारे र. धों. कर्वे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' हे मासिक काढत होते. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना सरळ उत्तरं दिली म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये डॉ. आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले, तरी कर्वे हरले. ती तर मोठी माणसं विचारत होती!

वाईची बालवाडीताई

सांगोलेकर, तुमच्या बहिणीचं वाचून गलबललं. मुलींना पाळीचं वेळेआधी सांगायलाच हवं, तिथे मी तुमच्याबरोबर. अवयवांची नावं शिकवा, तेही मान्य. पण चौथ्या वर्षी बाळाची वाट कशाला, हे मला अजून पटत नाही.

कोथरूडची आई

ताई, डबा खातानाचं तुम्ही सांगितलंत ते मनाला लागलं. काल मुलाला म्हटलं, हे प्रत्येकाला त्याचे आईबाबा सांगतात, आपण शाळेत सांगायचं नाही. "गुपित आहे का?" त्याने विचारलं. मी नाही म्हटलं. आईबाबांपासून लपवायचं असं काही त्याच्या डोक्यात बसायला नको.

आज सकाळी पुढचा प्रश्न आला, आत गेलं कसं? कागदावर पेन्सिलीने टिंब काढलं. म्हटलं, आईकडचं याहूनही छोटं एक बीज आणि बाबांकडचं त्याहून कितीतरी छोटं एक बीज एकत्र आली, की बाळ आतच वाढायला लागतं. गिळावं लागत नाही. तो कागद घेऊन तो आजीकडे गेला. सासूबाईंनी चष्मा लावून टिंब बघितलं आणि म्हणाल्या, "एवढासा होतास होय रे तू?"