बाबांच्या गीतमालाच्या वहीत ‘पं.ता.’ म्हणजे काय? जुन्या सोलापूरकरांनी सांगा

चादरवाली:
नमस्कार मंडळी, दिवाळीत घरी आले होते तेव्हा माळ्यावरची ट्रंक काढली (आईचा हुकूम, उंदीर झालेत म्हणून) आणि त्यात बाबांची एक वही सापडली. दोनशे पानी, मागं पाढे छापलेले असायचे ना तसली. आत १९८० आणि ८१ ची बिनाका गीतमाला (रेडिओवरचा हिंदी गाण्यांच्या क्रमवारीचा कार्यक्रम), दर बुधवारची, तारीख टाकून. गाण्यांची नावं निळ्या शाईत आणि पायदानाचे, म्हणजे गाण्याच्या नंबराचे, आकडे लाल शाईत, एवढं नीट की माझं दहावीचं जर्नल पण असं नव्हतं.

आता प्रश्न. १६ पासून साधारण ११ पर्यंत आकडे बरोबर आहेत. मग मधली पाच-सहा गाणी नुसती लिहिलीत, आकडाच नाही, त्याजागी अक्षरं. म.मा., मग पं.ता., मधेच कुठंतरी भो., आणि दोन ठिकाणी नुसतं कु. आणि मग ४ पासून १ पर्यंत परत लाल आकडे, पण तिथं कंसात मि.गे. असं दर आठवड्याला. पहिल्या नंबरावर कुठलंही गाणं असो, मि.गे. आहेच.

आधी वाटलं गायकांची नावं असतील, पण किशोरच्या गाण्यापुढं पण पं.ता. आणि लताबाईंच्या गाण्यापुढं पण पं.ता. बाबांना विचारलं तर त्यांना आता कमी ऐकू येतं, मशीन लावत नाहीत, वही हातात घेतली, हसले आणि म्हणाले राहू दे गं. आमचं घर तेव्हा मधल्या मारुतीच्या मागच्या गल्लीत होतं, एवढंच मला माहितीय. कुणाला काही सुचतंय का?

नवीपेठ_नव्वद:
पं. म्हणजे पंचम असणार की, आरडी. पं.ता. = पंचमची तान 😀 आणि कु. म्हणजे कुमार सानू.

खरं सांगू का, मला गीतमाला वगैरे काही आठवत नाही, आमचं सगळं कॅसेटवर. कोरी नव्वद मिनिटांची कॅसेट घ्यायची, वहीच्या पानावर गाण्यांची यादी लिहायची आणि दुकानात नेऊन द्यायची, दोन दिवसांनी भरून मिळायची. १९९५ ला अलिशा चिनॉयचं ‘मेड इन इंडिया’ आलं होतं, ते मी यादीत पहिलं लिहिलं, खाली दोनदा रेघ मारली. दुकानदारानं काय केलं, ए साइडला शेवटी टाकलं आणि टेप संपली, गाणं अर्ध्यात खट्कन कट. भांडायला गेलो तर म्हणतो बी साइडला उरलेलं अर्धं भरून देतो. लई दिवस मी ते गाणं तसंच ऐकलंय बे, अर्धं, खट्, मग कॅसेट पलटी करून अर्धं. आजही कुठं लागलं तर त्या जागेवर माझा हात आपोआप उठतोय.

रेडिओकाका:
नव्वद, बाळा, १९८० ला कुठला आलाय कुमार सानू? दहा वर्षं थांबावं लागंल त्यासाठी.

चादरवाली ताई, वही जपून ठेवा. अशा वह्या त्याकाळी गल्लीत दोघा-तिघांकडं तरी असायच्या, माझी माझ्या धाकट्या भावानं रद्दीत घातली, त्यावरून आम्ही अजून भांडतो.

नवीन पोरांसाठी सांगतो. गीतमाला १९५२ ला सुरू झाली, रेडिओ सिलोनवर, म्हणजे आताच्या श्रीलंकेतून, कारण तेव्हाचे नभोवाणी मंत्री केसकर यांना सिनेमाची गाणी चालत नव्हती, त्यामुळं आकाशवाणीवरून ती जवळजवळ गायबच झाली आणि सगळा देश कोलंबोला कान लावून बसला. गंमत म्हणजे कार्यक्रम मुंबईत रेकॉर्ड व्हायचा, टेप विमानानं कोलंबोला जायची आणि तिथून आवाज परत आपल्याकडं. बुधवारी रात्री ८ ते ९. निवेदक अमीन सायानी. ‘बहनों और भाइयों’ म्हणून त्यांनी सुरुवात केली की आमची आई भाकरी थापायची थांबायची. (ते गेले फेब्रुवारी २०२४ ला. त्या दिवशी मी जुना मर्फी रेडिओ काढून नुसता पुसला, बाकी काय करणार.) विविध भारतीवर हा कार्यक्रम फार उशिरा आला, १९८९ ला. त्याच्या आधी सगळा शॉर्टवेव्हचा कारभार. आवाज यायचा, जायचा, विहिरीत बोलल्यासारखा व्हायचा, परत वर यायचा. पावसाळ्यात तर विचारू नका. घरात तांब्याच्या जाळीची पट्टी बांधायची एरियल म्हणून, आणि वर त्या रेडिओचं लायसन, दरवर्षी पोस्टात जाऊन पैसे भरायचे.

पायदान कसं ठरायचं तर रेकॉर्डची विक्री आणि जागोजागच्या श्रोता संघांची मतं. आमच्या गल्लीचा पण संघ होता, सदस्य पाच, पैकी दोघांना रेडिओच नव्हता.

आता तुमचा प्रश्न. म.मा. म्हणजे मधला मारुती, हे तर तुम्हीच लिहिलंय की! पं.ता. म्हणजे पंजाब तालीम. हे सगळे सोलापुरातले पत्ते हायेत, गायक-बियक काही नाही. पण गाण्यापुढं पत्ता कशाला, ते मला कळंना.

पूर्वभागी:
काका बरोबर. आणि मि.गे. म्हणजे मिल गेट, पैजेवर.

बाकी आमच्याकडं बुधवार-फिधवार काही नव्हतं. साखर पेठेत घर, खाली चार माग, टॉवेलचे. मागाच्या खडखडाटात शेजारी बसलेला माणूस काय बोलतोय ते ओठ बघून कळायचं, तिथं सिलोन कुठनं ऐकू येणार. आजी आणि दोन्ही आत्या वर माडीवर विड्या वळायच्या आणि घंटसालांची तेलुगू गाणी म्हणायच्या, रेडिओ नसला तरी चालायचं, तोंडपाठ होती. त्यामुळं मला या टॉप-टेनवाल्या आठवणींचा थोडा रागच येतो, खरं बोलतो. म्हणजे अख्खा देश हेच ऐकत होता म्हणतात, आणि आमच्या अर्ध्या सोलापुरात दुसरंच चाललेलं असायचं. माझ्या आजीच्या कुठल्याच गाण्याला कधी पायदान मिळालं नाही. हिंदी गाणी मला कळाली ती गड्ड्याच्या यात्रेत (आपली सिद्धेश्वराची जत्रा), पाळण्याच्या भोंग्यावरून. ‘मेरे अंगने में’ मी पाळण्यात बसूनच पाठ केलंय, वर गेलं की ऐकू यायचं, खाली आलं की जनरेटर.

नवीपेठ_नव्वद:
‘मेरे अंगने में’ ८१ ला वर्षाचं पहिलं होतं ना गीतमालात? आणि ८० ला ‘डफलीवाले’.

रेडिओकाका:
हो, बरोबर, दोन्ही. ८१ च्या त्या गाण्यानं मी मार खाल्लाय. वर्गात बेंचवर ताल धरला आणि मास्तरांनी ऐकलं. अंगणात तुमचं काय काम है म्हणत छड्या दिल्या, म्हणजे गाणं त्यांना पण पाठ होतं.

आणि नव्वद, तुमच्या ‘मेड इन इंडिया’ची एक गंमत सांगतो. ते ज्यांनी केलं ते संगीतकार बिद्दू, मूळचे बेंगळुरूचे, लंडनला जाऊन राहिले. १९७४ ला त्यांच्या ‘कुंग फू फायटिंग’नं इंग्लंड-अमेरिकेत दोन्हीकडं पहिला नंबर मारला. आणि १९८० ला ‘कुर्बानी’त ‘आप जैसा कोई’ केलं ते पण त्यांनीच, गायला नाझिया हसन, लंडनमध्ये वाढलेली पाकिस्तानी पोरगी, वय अवघं १५. ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आम्हाला वाटलं रेडिओच बिघडला. ती धडधड असली गाण्यात, वडील म्हणाले सेल उतरले असतील, बदला. खरंच बदलले. म्हणजे तुम्ही अर्धं अर्धं ऐकलं आणि आम्ही सेल बदलून ऐकलं, माणूस एकच.

चादरवाली ताई, वहीत ‘आप जैसा कोई’पुढं काय लिहिलंय ते बघा जरा.

चादरवाली:
काका तुम्ही ग्रेट आहात! बघितलं. आकडा नाही, पं.ता. आणि त्याच्या पुढच्या बुधवारी परत तेच गाणं, पुढं भो. आणि गाणं अर्धवट लिहिलंय, ‘आप जैसा’ आणि मग रेघ.

आणि आजोबा कापड मिलमध्येच होते, जॉबर (कामगारांवरचा मुकादम). हे मी आधी लिहायला पाहिजे होतं का? मला वाटलं त्याचा काय संबंध.

पूर्वभागी:
अहो ताई, मग झालं की! आजोबांना दुसरी पाळी असणार. दुसऱ्या पाळीला रात्री जेवणाची सुट्टी व्हायची, घरची पोरं डबा घेऊन गेटवर जायची, आमच्या शेजारचा पण जायचा. तुमच्या बाबांनी सुरुवातीची गाणी घरी ऐकली, मग डबा घेऊन निघाले. वाटेत घराघरातनं तोच रेडिओ लागलेला, सगळ्यांचा एकच. चालता चालता गाणं ऐकू येणार पण अमीन सायानी नंबर सांगायलेत तेव्हा हे दोन घरांच्या मधे. म्हणून आकडा नाही. जिथं ऐकू आलं ती जागा लिहिली. गेटसमोर हाटेलात रेडिओ असणार, तिथं उभारून शेवटचे चार नंबर नीट मिळाले.

भो. म्हणजे भोंगा. सुट्टीचा भोंगा वाजला की कुठलं गाणं आणि कुठलं काय.

रेडिओकाका:
काय डोकं लावलंय बे! पूर्वभागी, तुम्ही गीतमालावर चिडता आणि वही तुम्हीच सोडवली.

नवीपेठ_नव्वद:
भारी! ताई, एक करा, गीतमालाच्या जुन्या याद्या नेटवर टाकल्यात लोकांनी. मधले आकडे त्यातनं बघून भरून टाका, वही पूर्ण होऊन जाईल. बाबांना सरप्राइज. आणि कु. राहिलंच की.

चादरवाली:
रात्री बाबांना फोन केला. फोनवर ऐकू येत नाही म्हणून व्हिडिओ, आणि आईनं पाटीवर लिहून दाखवायचं, अशी आमची पद्धत आहे. आईनं खडूनं मोठ्या अक्षरात लिहिलं: डबा, मिल गेट, दुसरी पाळी. बाबांनी बघितलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एकदम सुरू झाले.

पूर्वभागींचं सगळं बरोबर. वही डब्याच्या पिशवीत, पेन्सिल कानावर, घरी येऊन शाईनं लिहायचे. डब्यात दोन ज्वारीच्या भाकरी, शेंगाचटणी आणि एक कांदा, कांदा आजोबा गेटच्या दगडी कठड्यावर बुक्कीनं फोडायचे. हाटेलवाल्याचा नियम असा की रेडिओ ऐकायचा तर कट चहा घ्यायचा, बाबांकडं पैसे नसायचे म्हणून ते हाटेलच्या बाहेर पिंपाजवळ उभे राहायचे आणि आजोबा जेवता जेवता, कान लावून, नंबर पुकारला की बोटं वर करायचे. चार. तीन. दोन. आजोबांना गाण्यातलं काही कळत नव्हतं म्हणे, भजनाशिवाय काही ऐकायचे नाहीत, पण बोटं कधी चुकली नाहीत.

कु. म्हणजे कुत्रं. पंजाब तालमीच्या अलीकडं एक होतं. पिशवीतली भाकरी त्याला कळायची. त्या दोन बुधवारी पळता पळता काय लागलं होतं ते आठवेना म्हणून नुसतं कु.

नव्वद, तुमचं आकडे भरायचं पण विचारलं. बाबा म्हणाले, नको, ते मला ऐकूच आले नव्हते.

आणि मी एक विसरले होते, ट्रंकेत दुसरी वही पण आहे, १९८२ ची. त्यात दर बुधवारी सगळे सोळाच्या सोळा आकडे लाल शाईत, एक पण अक्षर नाही. मी विचारलं याच्यात कसे सगळे मिळाले. आईनं पाटीवर लिहायच्या आधीच त्यांना प्रश्न कळला. म्हणाले, आण्णा (म्हणजे आजोबा) मिलमधनं कमी झाले ना त्या साली. मग काय, घरीच बसून ऐकायचो दोघं.

रेडिओकाका:
त्या दुसऱ्या वहीतलं पण एखादं पान टाका ताई. आणि बाबांना आमचा नमस्कार लिहून दाखवा, पाटीवर, मोठ्या अक्षरात.