गोळी आणि चहा यांच्यामधला अर्धा तास

गोडोलीकर (धागा सुरू करणारी)

थायरॉइडची गोळी मी सहा वर्षे एकही दिवस न चुकवता घेत आले आहे, तरीही गेल्या वर्षभरात डॉक्टरांना तिचे प्रमाण दोनदा वाढवावे लागले. मागच्या खेपेला त्यांनी विचारले की, गोळी घेतल्यावर चहा किती वेळाने घेता. मला उत्तर देता येईना. गोळ्यांचे पाकीट आमच्याकडे चहापत्तीच्या डब्याला टेकून ठेवलेले असते. पाच वाजता दूध तापत ठेवायचे, गोळी तोंडात टाकायची आणि कणीक भिजवून होईपर्यंत उकळलेला चहा ओट्याशी उभ्यानेच प्यायचा, हा माझा सहा वर्षांचा परिपाठ आहे. ही गोळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्यायची असते आणि पुढे निदान अर्धा तास, जमल्यास तासभर, पाण्याशिवाय काहीही पोटात जाऊ द्यायचे नसते. हे मला पहिल्याच दिवशी सांगितले गेले होते. तो अर्धा तास माझ्या सकाळीत कुठे बसवायचा, ते मात्र मला सहा वर्षांत सुचले नाही.

मी कराडला नोकरीस आहे. साताऱ्याहून सुमारे पन्नास किलोमीटरचा प्रवास, त्यामुळे पावणेआठला घर सोडावे लागते आणि त्याआधी नळाचे पाणी भरणे, तिघांचे डबे, सासूबाईंचा नाश्ता हे सारे उरकायचे असते. माझे म्हणणे असे आहे की, सगळे आवरून उरेल तो वेळ आपला, असे म्हणणाऱ्या बाईला तो वेळ कधीच मिळत नाही. कामांची वाटणी होण्याआधीच तो बाजूला काढावा आणि घरात सगळ्यांसमोर स्पष्ट सांगावा. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात असे दिसले की, घरातली बिनपगारी कामे करणाऱ्या स्त्रिया त्यांत दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात आणि अशी कामे करणारे पुरुष ९७ मिनिटे. मुळात अशी कामे करणारे पुरुषच शंभरांत २६ होते. या २९९ मिनिटांतली तीस मिनिटे मी मागते आहे.

गेले पाच आठवडे मी गोळी घेते आणि लगेच चप्पल घालून गोडोलीच्या तळ्याकडे चालायला जाते. घरात थांबले तर कोणीतरी हाक मारतेच, म्हणून बाहेर पडते. परत येईपर्यंत पाणी भरलेले असते आणि चहा यजमानांनी ठेवलेला असतो. प्रौढांनी आठवड्याला निदान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, तेवढा पाच दिवसांत सहज होतो. सासूबाईंना हे पटलेले नाही. त्या रागावत नाहीत, पण सकाळी माझ्याशी बोलतही नाहीत. माझे काही चुकते आहे का, हे मला येथील वाचकांकडून मनापासून जाणून घ्यायचे आहे.

माहुलीकर

ताई, तुमच्या गोळीविषयी माझे काहीच म्हणणे नाही. औषध सांगितल्याप्रमाणेच घेतले पाहिजे. परंतु स्वतःसाठीचा वेळ घरासमोर जाहीर करून वेगळा काढावा, हे तुमचे मत मला मान्य नाही. मी तेहतीस वर्षे शाळेत शिकवले, दोन मुले वाढवली आणि सासूबाईंचे अंथरुणातले आजारपण काढले. आमच्या वेळी बाईला विसावा नव्हता असे अलीकडे सरसकट म्हटले जाते, ते खरे नाही. पंचमीला माहेरी जाणे होते, झोपाळे होते, रात्र रात्र फेर धरणे होते, श्रावणात मंगळागौरी आणि पौषात हळदीकुंकू होते. तो विसावा एकटीचा नव्हता, चारचौघींबरोबरचा होता, आणि त्यासाठी कोणाकडे काही मागावे लागत नव्हते, कारण तो वर्षाच्या चक्रातच बसवलेला होता. आज 'माझा वेळ' म्हणून दार ओढून बाहेर पडणारी बाई तळ्याभोवती एकटीच फिरते. यात तिला खरोखर काय मिळते, हे मला समजत नाही.

आणखी एक गोष्ट मला तळमळीने सांगावीशी वाटते. हा जिल्हा रयत शिक्षण संस्थेचा आहे. वसतिगृहातल्या मुलांच्या पोटात दोन घास जावेत म्हणून संस्थापक कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले आणि शेवटी मंगळसूत्रही दिले. त्या माउलीने आधी स्वतःचा विचार केला असता, तर आज या भागातली कित्येक घरे शिकली नसती. आपल्या मुलींपुढे आपण कोणता आदर्श ठेवणार आहोत?

चारभिंती

माहुलीकर काकू, लक्ष्मीबाईंचे नाव निघाले म्हणून लिहिते. माझे वडील रयतच्याच शाळेत शिकले, त्यामुळे ते नाव आमच्याकडेही देवघरात घ्यावे अशाच भावनेने घेतले जाते. पण त्यांनी जे दिले ते जातिभेद न मानता एकत्र जेवणाऱ्या, शिकायला आसुसलेल्या मुलांना दिले आणि ते कार्य आपले मानून दिले. १९३० मध्ये त्या गेल्या, संस्थेचा पुढचा विस्तार त्यांना पाहायलाही मिळाला नाही. आपल्या घरांतली बाई रोज जे देते ते कशासाठी देते, हेही एकदा पाहायला हवे. धडधाकट, मिळवत्या माणसाला तव्यावरची भाकरी थेट ताटात हवी असते, म्हणून ती स्वतः गार भाकरी खाते. या दोन गोष्टींना त्याग हा एकच शब्द लावला, तर लक्ष्मीबाईंच्या त्यागाचे मोल कमी होते असे मला वाटते.

पंचमीच्या फेरांविषयी तुम्ही लिहिले ते मात्र खरे आहे आणि ते हरवले याचे मलाही दुःख आहे. फक्त वर्षातून चार-आठ दिवसांच्या माहेरपणावर रोज दीडदोन तास एसटीत उभे राहणाऱ्या बाईची कंबर निभावत नाही.

परळी खोरे

मी ग्रामीण आरोग्य सेवेत परिचारिका आहे. दोन्ही बाजू वाचल्या. माझे मत दोघींपेक्षा वेगळे आहे, कारण फिरणे आणि विसावा या दोहोंच्या आधी बाईचे पोट आणि तिचे रक्त येते, असे मी रोज पाहते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. निम्म्याहून अधिक! यातल्या पुष्कळ जणी नोकरी करणाऱ्या, शिकलेल्या, चारचाकीतून येणाऱ्या असतात, हे मी स्वतः पाहिलेले आहे. दम लागतो, केस गळतात, जिना चढताना छातीत धडधडते, अशी लक्षणे त्या सांगतात आणि वर 'धावपळ फार होते ना, म्हणून असेल' असे कारणही स्वतःच देतात. गरोदर नसलेल्या प्रौढ स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली असू नये. नऊवर आलेल्या बाईला पहाटे उठून चालायला जा म्हणून सांगणे मला योग्य वाटत नाही.

याचे मूळ ताटात आहे. घरी जेवायला सगळ्यांत शेवटी बसणाऱ्या बाईची वाटी कधी तरी नीट पाहा. तिच्यात रस्सा असतो, फोडी नसतात. मोड आलेली मटकी असली तर तिच्या वाटीत तळाशी चारदोन दाणे असतात, बाकी तवंग. मग ती भाकरी चुरून तो रस्सा संपवते आणि लगेच वर चहा घेते. चहामुळे अन्नातले लोह अंगी लागत नाही, हे तिला कोणी सांगितलेले नसते. जेवण आणि चहा यांच्यात तासाभराचे अंतर ठेवणे, ताटात लिंबाची फोड घेणे आणि स्वतःची वाटी इतरांबरोबरच भरून बाजूला ठेवणे, या तीन गोष्टींना पहाटेचा अर्धा तासही लागत नाही आणि पैसेही लागत नाहीत.

तिशी ओलांडलेल्या प्रत्येक स्त्रीसाठी रक्तदाब, साखर, तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांमार्फत विनामूल्य केली जाते. २०२२ च्या नवरात्रात 'माता सुरक्षित तर घर सुरक्षित' ही मोहीम झाली, तेव्हा आमच्याकडे रांगा लागल्या. त्यातल्या अनेक जणी पहिल्यांदाच तपासून घेत होत्या, आणि काहींनी तपासणीच्या टेबलावर झोपल्याझोपल्या मला विचारले की, सिस्टर, लवकर होईल ना, घरी कुकर लावायचा आहे. मला त्या क्षणी त्यांचा राग आला नाही, फार वाईट वाटले.

पहिली पाळी

मी एमआयडीसीत काम करते. माझी पहिली पाळी सातला सुरू होते, म्हणून सव्वासहाला घर सोडावे लागते. येथील चर्चा वाचून मला एक गोष्ट खटकली आणि ती मी स्पष्टच लिहिते. सगळ्या जणी हा प्रश्न बाई आणि तिचे घर यांच्यातला आहे असे धरून बोलत आहेत. माझे घर मला अडवत नाही. माझा नवरा भाजी चिरतो, मुलाला आंघोळ घालतो, माझी सासू धुणे वाळत घालते. तरीही माझ्याकडे अर्धा तास नाही, कारण माझा वेळ घराने घेतलेला नसून कामाने घेतलेला आहे.

आमच्या विभागात बायकांचे स्वच्छतागृह एकच, तेही इमारतीच्या दुसऱ्या टोकाला. जाऊन यायला दहा मिनिटे लागतात आणि तेवढ्यात पट्ट्यावर माल साठतो. म्हणून आम्ही बहुतेक जणी दुपारपर्यंत पाणीच पीत नाही. बाटली घरून भरून नेतो आणि तशीच भरलेली परत आणतो. लघवीच्या जळजळीचा त्रास मला गेल्या दोन वर्षांत चार वेळा झाला. आता मला सांगा, यावर मी कोणती सवय लावून घ्यायची? मातृत्व लाभाच्या कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी पाळणाघर बंधनकारक केले. पाळणाघराची खोली आमच्याकडेही आहे आणि तिच्यात रिकामी खोकी रचलेली आहेत. बाईने स्वतःकडे लक्ष द्यावे असे तिला सांगत राहिले, की मालकाला कोणी काही विचारत नाही. ज्या ताईंकडे भांड्याला बाई येते, त्यांनी त्या बाईचा अर्धा तास कोणी काढून ठेवला आहे का, हेही पाहावे. तिच्याकडे तर चार घरची भांडी असतात.

वाईकर

मी पुरुष असून लिहीत आहे, तरी गैरसमज नसावा. गोडोलीकर ताईंचे म्हणणे मला पटते, परंतु एक अडचण प्रामाणिकपणे मांडतो. मी सकाळची पोळीभाजी करायला तयार आहे आणि करतोही, पण माझी पत्नी शेजारी उभी राहून कणीक सैल झाली, फोडणी करपली, असे सांगत राहते. त्यामुळे तिचा वेळ काही वाचत नाही. काम सोडायचे तर ते थोडे वाकडेतिकडे होऊ द्यायची तयारीही हवी, असे मला वाटते.

चारभिंती

वाईकर, तुमची अडचण खरी असेल. पण डब्यातली पोळी जाड झाली तर शाळेत आणि सासरी नाव आईचे निघते, वडिलांचे निघत नाही. तुमच्या पत्नी त्या बोलण्याच्या भीतीने तिथे उभ्या राहत असतील. एकदा तुमच्या आईंसमोर 'आजच्या पोळ्या मी केल्या' असे आपण होऊन सांगून पाहा.

गोडोलीकर

सर्वांचे मनापासून आभार. पहिली पाळी ताई, तुमचा प्रतिसाद मी तीन वेळा वाचला. माझ्या मांडणीत ही बाजू आलीच नव्हती, ही माझी चूक आहे. माझी नोकरी दहाची आहे, कार्यालयात स्वच्छतागृह शेजारी आहे, आणि म्हणूनच मला फक्त घराशी बोलून वेळ काढता आला. आमच्याकडे भांड्याला येणाऱ्या मावशींना मी काल विचारले. त्या म्हणाल्या, "मला वेळ नको, आठवड्याला एक सुट्टी द्या आणि पैसे कापू नका." रविवारची सुट्टी ठरवली आहे. त्या दिवशी भांडी मुलगा घासेल.

माहुलीकर काकू, एकटीने फिरण्यात काय मिळते असे तुम्ही विचारले होते. पहिल्या आठवड्यात मलाही चुकल्याचुकल्यासारखे वाटत असे. आता तळ्याकाठी रोज दिसणाऱ्या तिघी जणी ओळखीच्या झाल्या आहेत आणि आम्ही दोन फेऱ्या बोलत बोलत घालतो. पण ते नसते तरी मी गेले असते, हेही सांगते. दिवसभरात ज्या वेळी मी कोणाचीच कोणी नसते, अशी तेवढीच तीस मिनिटे आहेत आणि ती मला हवी आहेत. सासूबाईंनाही एकदा बरोबर चला म्हणून विचारले. त्यांनी गुडघ्यांचे कारण सांगितले.

माहुलीकर

माझे मत बदललेले नाही. घरातल्या माणसांना न दुखावता हे साधता येते आणि तुम्ही घाई केलीत, असे मला अजूनही वाटते. सासूबाईंना बरोबर येण्यासाठी विचारण्याऐवजी त्यांच्याजवळ बसून आधी ते डॉक्टरांचे बोलणे सांगितले असतेत, तर त्यांनीच तुम्हाला घराबाहेर काढले असते. आम्ही सासवा एवढ्याही वाईट नाही हो.

परळी खोरे, तुम्हाला एक विचारायचे होते. मी गेली आठ वर्षे कॅल्शियमची आणि लोहाची गोळी सकाळी एकदमच, चहाबरोबर घेते आहे. वेगवेगळी आठवणीत राहत नाही म्हणून. तुमचे वाचल्यापासून मनात शंका आली आहे.

परळी खोरे

काकू, त्या एकत्र घेऊ नका. कॅल्शियममुळे लोह अंगी लागत नाही आणि चहाने आणखी अडते. लोहाची गोळी सकाळी न्याहारीच्या आधी लिंबूपाण्याबरोबर घ्या. त्याने मळमळले तर जेवणानंतर घेतली तरी चालेल, फक्त चहा तासभर लांब ठेवा. कॅल्शियमची गोळी रात्रीच्या जेवणाबरोबर घ्या. गोडोलीकर ताई, तुम्हीही कॅल्शियम किंवा लोह घेत असाल, तर थायरॉइडच्या गोळीपासून ते चार तास दूर ठेवा. आणि काकू, आठ वर्षांत हिमोग्लोबिन तपासले नसेल, तर या आठवड्यात जवळच्या केंद्रावर जाऊन या. सकाळी नऊ ते बाराच्या दरम्यान गेलात तर बरे; आणि कुकर घरच्यांना लावायला सांगून या.