स्पेक्ट्रमवर आगळ सांडलं, व्हिनेगर चालेल का?

खळ्यातला:
वडिलांचा जुना घरगुती कॉम्प्युटर आहे, डीबी स्पेक्ट्रम प्लस, पुण्यात जुळवलेला, ४८ के रॅमचा. बुरशी धरू नये म्हणून परवा माळ्यावरून काढला आणि ठेवला कुठे, तर सोलकढीसाठी काढलेल्या आगळाच्या बरणीशेजारी! मांजराने बरणी लवंडली. वाटीभर तरी कीबोर्डातून आत गेलं असेल. वीज जोडलेली नव्हती, एवढंच नशीब. वरून टिपलंय, उघडलेला नाही. जुने बोर्ड व्हिनेगरने पुसतात असं एका व्हिडिओत पाहिलं. करू का? आणि वेंगुर्ल्यात डिस्टिल्ड वॉटर कुठे मिळेल?

कथील:
व्हिनेगर अजिबात नको रे! ते बॅटरी गळलेल्या बोर्डांसाठी, अमिगा ५०० प्लस कॉम्प्युटरच्या बोर्डासारख्या. निकेल-कॅडमियम बॅटरीतून अल्कली गळतं, म्हणून त्यावर आंबट. तुझ्याकडे आंबटच सांडलंय, आणि स्पेक्ट्रमला बॅटरी नसतेच.

कल्हई उडालेल्या पितळेच्या भांड्यात आई सोलकढी ठेवते का? कळकते म्हणून नाही ठेवत. बोर्डावरही तांबंच आहे, आणि सोल्डर म्हणजे कथील-शिसं, कल्हईचाच भाऊ. पण कोकमाच्या आंबटापेक्षा मला आगळातल्या मिठाची जास्त भीती वाटते. आगळ वाळलं तरी मीठ राहतं, आपल्या दमट हवेत पाणी ओढतं आणि बोर्ड आतल्या आत खात बसतं. आज रात्रीच उघड. कीबोर्डाच्या फिती जपून काढ, जुन्या झाल्या की तडकतात. बोर्ड डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ ब्रशने तीन-चारदा धू, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल.

माडाखाली:
पाणी गाड्यांच्या बॅटरीवाल्याकडे मिळेल. सुकवायला टेबल फॅन, निदान दोन दिवस. तांदळाच्या डब्यात घालू नकोस, पीठ बसतं. आणि ‘जरा लावून बघतो’ तर मुळीच नको! आतल्या ४११६ नावाच्या रॅम चिपांना +१२, +५ आणि −५ असे तीन व्होल्टेज लागतात. हे व्होल्टेज बनवणाऱ्या कॉइलपाशी ओल राहून −५ गेलं, तर खालच्या १६ के च्या चिपा मेल्याच म्हणून समज.

खळ्यातला:
उघडला. मेम्ब्रेनच्या, म्हणजे कीबोर्डाखालच्या प्लास्टिकच्या पातळ पदरांत लाल पाणी, चांदीच्या रेघा काळ्या पडल्यात. ती गेली, नवीन बनवून विकतात म्हणे, मागवतो. बोर्डावर एज कनेक्टरपाशी, म्हणजे मागच्या जोडणीच्या कडेला, थोडं हिरवं होतं, ब्रशने निघालं. चारदा धुतला. आता पंख्याखाली आहे आणि पंख्यासमोर मांजर झोपलंय. आई विचारते, उरलेल्या आगळाची कढी करू की हेही मशीनला पाजायचंय?