स्टिअरिंग व्हीलसह रेसिंग सिम्युलेटर सुरू करायचे आहे: आधी खर्च कशावर करावा?

गोदाकाठ

नमस्कार. आतापर्यंत गाड्यांचे खेळ मी कंट्रोलरवरच खेळत आलो. अलीकडे एका मित्राकडे स्टिअरिंग व्हीलवर ‘असेटो कोर्सा’ चालवून पाहिले आणि हा प्रकार निराळाच आहे हे लक्षात आले, त्यामुळे आता घरी स्वतःची मांडणी करायचे ठरवले आहे. संगणक आहे आणि त्यात मध्यम दर्जाचे ग्राफिक्स कार्ड आहे. 27 इंची मॉनिटर, अभ्यासाचे साधे लाकडी टेबल, चाकांची ऑफिस खुर्ची आणि खाली गुळगुळीत टाइल्स, अशी खोलीची स्थिती आहे. एकूण चाळीस हजार रुपयांपर्यंत खर्च करता येईल.

लॉजिटेकच्या जी29 सारखे गिअरवर चालणारे व्हील घ्यावे, की आणखी पैसे साठवून एकदम डायरेक्ट ड्राइव्ह, म्हणजे थेट मोटरवर बसवलेले व्हील घ्यावे? पहिले सिम्युलेटर कोणते असावे? तिसरा प्रश्न विचारताना थोडा संकोच वाटतो. नाशिकच्या रस्त्यांवर आणि कसारा घाटात मी बरीच वर्षे गाडी चालवतो आहे, तरीही मित्राकडे दर दोन-तीन वळणांनंतर माझी गाडी गरकन फिरत होती. असे का व्हावे?

ब्रेकचा भक्त

तुमच्या वर्णनात मला सर्वांत आधी खटकली ती चाकांची खुर्ची आणि तिच्याखालच्या टाइल्स. सिम्युलेटरमध्ये ब्रेक खरोखर जोरात दाबावा लागतो. तसा तो दाबला की खुर्ची मागे सरकते, पेडल पुढे सरकतात, आणि आपण पायाने नेमका किती जोर दिला हे शरीराला कधीच कळत नाही. जी29 च्या पेडलखाली गालिच्यात रुतणारी दातेरी पट्टी दिलेली आहे, पण आपल्याकडच्या फरशीवर तिचा काही उपयोग होत नाही. त्यामुळे पहिला खर्च सुताराकडे करावा: एक जाड प्लायवूडची फळी घ्यावी, तिच्यावर पेडल स्क्रूने बसवावेत आणि फळीचे पुढचे टोक भिंतीला टेकवावे. शक्य असल्यास चाकांच्या खुर्चीऐवजी चार पायांची साधी, जड खुर्ची वापरावी. ते जमत नसेल, तर खुर्चीचा मधला दांडा आणि पेडलची फळी एकाच मजबूत पट्ट्याने बांधून टाकावी, म्हणजे पाय जितका पुढे ढकलेल तितकीच खुर्ची जागेवर धरून ठेवली जाईल.

ब्रेकवर मी एवढा भर का देतो आहे, तेही सांगतो. खऱ्या गाडीत ब्रेक पॅड डिस्कला टेकल्यानंतर पेडल फारसे खाली जात नाही. तिथून पुढे गाडी किती थांबेल हे पायाच्या दाबावर ठरते. स्वस्त संचांतील पेडल मात्र दाब मोजत नाहीत, पेडल किती अंतर खाली गेले ते मोजतात. पायाला अंतर लक्षात ठेवणे अवघड जाते आणि जोर लक्षात ठेवणे सोपे जाते. म्हणूनच ज्यांच्यात लोड सेल असतो, म्हणजे थेट दाबच मोजला जातो, अशा पेडलवर लॅपमागून लॅप एकाच ठिकाणी, एकसारखा ब्रेक लागू लागतो. जी29 च्या ब्रेकमध्ये स्प्रिंगच्या जोडीला एक रबरी ठोकळा बसवलेला आहे, त्यामुळे शेवटचा टप्पा बराच कडक लागतो. अनेकांना त्याचा त्रास होतो, परंतु फळी भिंतीला टेकलेली असेल तर हा कडकपणा उलट उपयोगी पडतो.

तेव्हा माझे मत स्पष्ट आहे. आज गिअरवर चालणारे व्हील घ्यावे, जुने पण चांगल्या स्थितीतले मिळाल्यास उत्तमच, आणि उरलेले पैसे पुढे लोड सेलच्या पेडलसाठी राखून ठेवावेत. संगणकावर व्हील एका कंपनीचे आणि पेडल दुसऱ्या कंपनीचे असले तरी अडत नाही, कारण पेडलची यूएसबी तार स्वतंत्रपणे जोडता येते. कन्सोलवर मात्र ही मोकळीक नसते. जी29 प्लेस्टेशनवर चालते आणि एक्सबॉक्ससाठी जी920 घ्यावे लागते, हेही जुना माल घेताना ध्यानात असू द्यावे. घरात पुढेमागे कन्सोल येणार असेल तर हा फरक महागात पडतो.

पहिले सिम्युलेटर म्हणून 2014 सालचे ‘असेटो कोर्सा’च घ्यावे. ते इटलीतील कुनोस सिम्युलात्सिओनी या कंपनीने बनवले आहे. वय झाले असले तरी साध्या रस्त्यावरच्या गाड्यांचा स्वभाव त्यात फार चांगला उतरला आहे आणि मध्यम संगणकावर ते सुरळीत चालते. याच कंपनीचे ‘असेटो कोर्सा कॉम्पेतित्सिओने’ 2019 साली पूर्ण रूपात आले. त्याचा भर जीटी3 वर्गाच्या शर्यतींच्या गाड्यांवर आहे आणि तो टप्पा नंतरचा आहे. त्या गाड्यांत एबीएस, ट्रॅक्शन कंट्रोल (चाके जागीच फिरू न देणारी यंत्रणा) आणि वेगात गाडीला खाली दाबणारा हवेचा जोर यांमुळे गाडीला भरपूर पकड मिळते. नवशिक्याला आपण शिकलो असे तिथे लवकर वाटू लागते, पण प्रत्यक्षात गाडीने त्याला सांभाळून घेतलेले असते.

सुरुवातीला कमी ताकदीची, मागच्या चाकांवर चालणारी गाडी आणि एकच छोटा ट्रॅक निवडावा. ‘असेटो कोर्सा’मध्ये ई30 पिढीची बीएमडब्ल्यू एम3 आणि माजोने हा सुमारे अडीच किलोमीटरचा इटालियन ट्रॅक ही जोडी मला योग्य वाटते. नव्या माणसाला जर्मनीतील न्युर्बुर्गरिंगच्या नॉर्डश्लायफ या ट्रॅकचा मोह होतो, ते समजण्यासारखे आहे. पण तो जवळजवळ 21 किलोमीटरचा आहे, त्यामुळे एखादे वळण चुकले तर तेच वळण पुन्हा भेटायला नवशिक्याला दहा मिनिटे लागतात आणि तोवर आधी काय केले होते ते आठवत नाही. छोट्या ट्रॅकवर तेच वळण दीड मिनिटाच्या आसपास पुन्हा समोर येते.

साहाय्यांच्या पानावर ‘फॅक्टरी’ हा पर्याय निवडावा, म्हणजे खऱ्या गाडीत जेवढी साधने आहेत तेवढीच मिळतील. रस्त्यावर दिसणारी रंगीत मार्गरेषा शक्य तितक्या लवकर बंद करावी. डोळे तिच्यावर खिळले की वळणाआधीच्या अंतराच्या पाट्या, कडेचे दगडी पट्टे, झाडे यांपैकी काहीच दिसत नाही, आणि ब्रेकची जागा लक्षात ठेवायची असते ती नेमकी त्यांच्याच आधारे.

थेट मोटर

ब्रेकच्या भक्तांशी पेडलबाबत पूर्ण सहमत आहे, व्हीलबाबत नाही. गिअरवर चालणाऱ्या व्हीलमध्ये मोटरचा जोर दातेरी चाकांतून हातापर्यंत येतो. त्यात खडखड होते, मध्यभागी थोडी मोकळी जागा जाणवते आणि बारीक तपशील हरवतात. डायरेक्ट ड्राइव्हमध्ये व्हील सरळ मोटरच्या दांड्यावरच बसवलेले असते, त्यामुळे सिम्युलेटर जे सांगते ते विनाअडथळा हाताला कळते.

हा केवळ चैनीचा मुद्दा नाही. वळणात पुढच्या टायरवर ताण वाढत जातो तसे व्हील जड होत जाते, कारण टायर स्वतःहून सरळ होऊ पाहतो. टायरची पकड संपण्याच्या थोडे आधी हा स्वतःहून सरळ होण्याचा जोर कमी होऊ लागतो आणि व्हील किंचित हलके पडते. हे हलके पडणे म्हणजे आता आणखी वळवून उपयोग नाही अशी सूचना असते. जी29 चा एकूण जोर दोन न्यूटन-मीटरच्या थोडा पुढे जातो. फॅनाटेकचे सीएसएल डीडी मूळ रूपात 5, तर मोझाचे आर5 साडेपाच न्यूटन-मीटर देते. जोराचा आवाका मोठा असला की जड आणि हलके यांतला फरक ओळखणे नवशिक्यालाही सोपे जाते. ज्याला शिकायचे आहे त्यालाच अंधुक सूचना द्यायच्या आणि तरबेज झाल्यावर स्पष्ट द्यायच्या, हा क्रम मला उलटा वाटतो. थांबण्याची तयारी असेल तर थांबा.

मात्र एक खबरदारी घ्यावी. डायरेक्ट ड्राइव्ह व्हील धरताना अंगठे आरीच्या आत अडकवू नयेत, आणि गाडी भिंतीवर आदळणार हे दिसले की हात सोडून द्यावेत. पातळ टेबलावर असे व्हील लावल्यास टेबलच हलू लागते, हेही लक्षात घ्यावे.

ब्रेकचा भक्त

सिद्धान्त मान्य आहे. परंतु चाळीस हजारांत डायरेक्ट ड्राइव्ह, लोड सेलचा ब्रेक आणि ते पेलणारी चौकट हे तिन्ही बसत नाही, आणि त्यांतले एकच निवडायचे तर मी ब्रेक निवडेन. शिवाय जी29 वरही हलकेपणाची सूचना मिळते. तिच्यासाठी सेटिंग नीट असावे लागते. बहुतेक जण फोर्स फीडबॅक, म्हणजे मोटर व्हीलमधून हाताला देते तो जोर, शंभर टक्क्यांच्या पुढे नेऊन ठेवतात, त्यामुळे मोटर आपल्या कमाल जोरावर जाऊन अडकते आणि त्यापुढचे सगळे चढउतार सपाट होतात. ‘असेटो कोर्सा’मध्ये ‘पेडल्स’ नावाची छोटी खिडकी उघडावी. तिच्यातील फोर्स फीडबॅकची पट्टी वेगवान वळणात सतत लाल होत असेल, तर त्या गाडीचा फीडबॅक कमी करावा. मध्यभागी मोकळे वाटत असेल, तर किमान जोराचे सेटिंग थोडे थोडे वाढवत जावे, आणि सरळ रस्त्यावर व्हील आपोआप थरथरू लागले की एक पाऊल मागे यावे. व्हीलच्या सॉफ्टवेअरमध्ये फिरण्याचा कोन पूर्ण 900 अंश ठेवावा आणि सिम्युलेटरमध्येही तोच सांगावा. पुढे प्रत्येक गाडीप्रमाणे तो आपोआप जुळवला जातो.

गोदाकाठ

दोघांचेही आभार. सुताराला उद्याच बोलावतो. जुने जी29 मिळते का ते पाहतो आहे आणि लोड सेलसाठी पैसे बाजूला ठेवतो. पण गाडी फिरण्याचे कारण अजून उलगडलेले नाही. त्या दिवशी वेग फार होता असेही नाही. वळणात भीती वाटून मी ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की गाडीचा मागचा भाग बाहेर जायचा.

उतारवळण

तुमच्या शेवटच्या वाक्यातच उत्तर आहे. वळणाच्या मध्यावर ॲक्सिलरेटर एकदम सोडला की गाडीचा भार पुढच्या चाकांवर सरकतो. पुढच्या टायरना जास्त पकड मिळते, मागच्यांची कमी होते, आणि गाडी आधीच पकडीच्या सीमेवर असेल तर मागचा भाग घसरतो. रस्त्यावर गाडी चालवताना आपण टायरच्या क्षमतेचा लहानसा भागच वापरतो, म्हणून कसारा घाटात पाय उचलला की गाडी निमूटपणे हळू होते आणि तीच सवय सुरक्षित असते. सीमेवर मात्र तीच सवय गाडी फिरवते. त्यातून खुर्चीत बसल्या जागी शरीराला धक्का किंवा कल जाणवत नाही; खऱ्या गाडीत मागचा भाग सुटल्याचे पाठीला आणि कमरेला आधी कळते, इथे ते डोळ्यांनी आणि हातांनी ओळखावे लागते. ही ओळख व्हायला वेळ लागतो.

उपाय असा की वेग कमी करण्याचे सगळे काम वळणाआधी, सरळ रेषेत पूर्ण करावे, आणि वळणात ॲक्सिलरेटर अगदी थोडा, पण स्थिर ठेवावा. पाय उचलायचाच झाला तर सावकाश उचलावा. हे अंगवळणी पडल्यावर ब्रेक हळूहळू सोडत वळणात शिरण्याचा सराव करता येईल. त्यात पुढच्या टायरवरचा भार मुद्दाम टिकवून गाडी वळवली जाते. तोवर त्याच्या वाटेला जाऊ नये. मागचा भाग सुटलाच तर घसरण ज्या दिशेने होते आहे त्या दिशेने स्टिअरिंग वळवावे, हे सर्वांना ठाऊक असते. पण गाडीने पकड परत घेताच स्टिअरिंग तितक्याच चपळाईने सरळ करावे लागते. तिथे उशीर झाला की गाडी दुसऱ्या बाजूला आणखी जोरात फेकली जाते. नवशिक्यांच्या बहुतेक गिरक्या या दुसऱ्या झटक्यात होतात.

काटकोन

मॉनिटरबद्दल कोणी बोलले नाही म्हणून थोडे लिहितो. दृश्याचा कोन मूळ सेटिंगवर तसाच सोडू नये. तो फार मोठा असेल तर वळण प्रत्यक्षापेक्षा दूर आणि वेग जास्त वाटतो, आणि ब्रेकचा अंदाज दर वेळी चुकतो. 27 इंची पडद्याची उंची साधारण 34 सेंटिमीटर असते. डोळे त्याच्यापासून 60 सेंटिमीटरवर असतील तर उभा कोन सुमारे 31 अंश येतो. ‘असेटो कोर्सा’त हा उभा कोनच भरायचा असतो. पहिल्या दिवशी दुर्बिणीतून पाहिल्यासारखे वाटेल आणि बाजूचे आरसेही दिसणार नाहीत, परंतु काही दिवसांत अंतरे खरी वाटू लागतात. पडदा व्हीलच्या जितका जवळ आणता येईल तितका आणावा. जवळ आणल्याने कोन आपोआप वाढतो. ग्राफिक्स सुंदर असण्यापेक्षा फ्रेम, म्हणजे दर सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या, स्थिर असणे महत्त्वाचे आहे, तेव्हा सावल्या आणि प्रतिबिंबे आधी कमी करावीत.

गोदाकाठ

उत्तम. एक शेवटची शंका आहे: इतरांबरोबर ऑनलाइन शर्यतीत कधी उतरावे? आय-रेसिंग या ऑनलाइन सिम्युलेटरचे नाव सारखे ऐकू येते.

ब्रेकचा भक्त

गाडी किती वेगवान आहे यावरून ते ठरवू नका. सलग दहा लॅप गाडी न फिरवता आणि रस्ता न सोडता पूर्ण होत असतील, तर खुशाल उतरा. 2008 पासून चालणाऱ्या आय-रेसिंगमध्ये वर्गणी भरावी लागते, आणि मूळ वर्गणीत मिळालेल्या गाड्या-ट्रॅकांपलीकडचे बरेच काही वेगळे विकत घ्यावे लागते. मात्र सर्वांना ‘रुकी’ या सर्वांत खालच्या परवान्यापासून सुरुवात करावी लागते आणि नवशिक्यांसाठीची माझ्दा एमएक्स-5 मूळ वर्गणीतच येते, त्यामुळे सुरुवातीला ते पुरते. तिथे सुरक्षिततेचे गुणांकन किती वळणांमागे किती चुका झाल्या यावर ठरते: रस्ता सोडला तर एक, गाडीवरचा ताबा गेला तर दोन, आणि दुसऱ्या गाडीवर जोरात आदळलात तर चार गुण खात्यावर चढतात. चूक कोणाची हे पाहिले जात नाही, याचा राग येतो खरा, पण पहिल्या वळणावर घुसाघुशी करायची नाही ही शिस्त त्यातूनच लागते. सुरुवातीच्या काही शर्यती सर्वांत मागून सुरू कराव्यात. आणि गर्दीत तुमची गाडी फिरलीच, तर सावरण्याच्या धडपडीत ती रस्त्यावर आडवीतिडवी नेऊ नका. ब्रेक पूर्ण दाबून गाडी आहे तिथे थांबवा, म्हणजे मागून येणाऱ्यांना कोणत्या बाजूने निघायचे ते कळेल, आणि शेवटची गाडी पुढे गेल्याशिवाय ब्रेकवरचा पाय काढू नका.