वॉटरकलरमध्ये कॉमिकसारखे चौकोन करून पुराची गोष्ट सांगायचीय, मदत हवी

पंचवटीची_पोर:
नमस्कार मंडळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये नाशिकला गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला, पूर आला तेव्हाची गोष्ट रंगवायचीय. आमची आजी पूर म्हटलं की एकच विचारते, "दुतोंड्या मारुतीच्या कुठंवर आलंय?" (नदीपात्रातली मारुतीची उंच मूर्ती, पाणी तिच्या कुठवर चढलं यावरून इथं पूर मोजतात.) गुडघ्याला, कमरेला, छातीला, तिला तेवढ्यावरून सगळं कळतं. ११ बाय १५ इंची कागदावर सहा चौकोन करायचेत. दोनदा करून बघितलं, पहिल्यांदा चौकोनांच्या कडांना लावलेली टेप काढताना कागदाचा वरचा थर निघाला, दुसऱ्यांदा पेनची लाइन ओली होऊन फुटली आणि प्रत्येक चौकोनात आभाळ वेगळंच करडं झालं, बघणाऱ्याला सहा वेगळे दिवस वाटतात. खूप मनापासून करायचंय हे, कुणी सांगेल का काय चुकतंय?

ओला_ब्रश:
ताई, कागद कुठला वापरलास? साधा ड्रॉइंग पेपर असेल तर टेपने निघणारच. ३०० जीएसएमचा (म्हणजे जाड) कोल्ड प्रेस, म्हणजे थोडा खरखरीत वॉटरकलर कागद घे, कॉटनचा परवडला तर उत्तमच. टेप आधी कपड्यावर दोन-तीन वेळा चिकटवून काढ म्हणजे चिकटपणा कमी होतो, मग लावल्यावर कडा नखाने दाबून घे आणि काढताना कागद पूर्ण वाळलेला पाहिजे, हात लावल्यावर गार लागला तर अजून ओल आहे समज. पेन वॉटरप्रूफ शाईचंच घे, तरी आधी वेगळ्या तुकड्यावर रेघ मारून वाळल्यावर ओला ब्रश फिरवून बघ.
आभाळाचं सोपं आहे. अल्ट्रामरीन (निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) मिसळून वाटीभर करडा एकदाच बनव आणि सहाही चौकोनांचं आभाळ एका बैठकीत मारून घे. एक चौकोन पूर्ण करून मग दुसरा घ्यायचा नाही. मधेमधे वाटी ढवळत राहा, अल्ट्रामरीन तळाशी बसतं.

सिडकोकर:
टेपशिवाय पण होतं बरं का. दोन चौकोनांच्या मधली पट्टी कोरडी ठेवली की रंग तिथंच थांबतो, कोरड्या कागदावर पाणी आपण नेल्याशिवाय फारसं पुढे जात नाही. कड थोडी वेडीवाकडी येते पण मला तीच आवडते.
आणि मारुती सहाही चौकोनांत त्याच जागी, त्याच मापाचा ठेव. एकदा ट्रेसिंग करून सगळीकडे उतरव, फक्त पाणी चढू दे. सगळं चित्र मातकट आणि शेंदरी फक्त मारुतीला, मग शेंदरी कमीकमी होत जातं तीच तुझी गोष्ट. शेवटच्या चौकोनात शेंदरी ठेवूच नकोस.

कुडाळहून_नाशकात:
सिडकोकर दादा, हे नाशिककराला कळेल, बाकीच्यांना काय कळणार की मूर्ती केवढी आहे? पहिल्या चौकोनात पाणी नसताना कुणीतरी पायाशी उभं पाहिजे, तिथंच माप कळतं. आमच्याकडे पिंगुळीच्या चित्रकथीत एकेक चित्र पुढे धरून कथेकरी गोष्ट गाऊन सांगतो, त्या चित्राला आवाज असतो. तुझ्या चित्राशेजारी कुणी गाणारं नाही, त्यामुळे आजी चित्रात हवीच. फुगा काढून वाक्य लिहू नकोस, तिचा हात दाखव. पाणी कुठवर आलं ते ती हाताने स्वतःच्या अंगावर दाखवत असेल ना?

पंचवटीची_पोर:
हो!! अगदी तसंच दाखवते, फोनवर बोलतानासुद्धा, समोर कुणी नसताना. हे माझ्या डोक्यातच नव्हतं. मग पहिल्या चौकोनात तीच पायाशी उभी, पुढच्या चौकोनांत कोपऱ्यात लहान, हात गुडघ्यावर, कमरेवर, छातीवर, गळ्यावर आणि शेवटी फक्त पाणी आणि आजी. कागद नवीन आणलाय, आज करड्याची वाटी करून आभाळ मारलं, सहाही सारखे आलेत. आजीला दाखवलं तर म्हणाली धरणातून पाणी सोडलं की नदी आधी गढूळ होते, रंग अजून मातीचा कर. उद्या बर्न्ट सिएना वाढवून बघते, मारुती सगळ्यात शेवटी रंगवीन.