मोशे: नाव हिब्रू की इजिप्शियन? नावकोशात काय छापावं?

लिपिवेडा
पवित्रशास्त्रातल्या (बायबलमधल्या) निर्गम या पुस्तकात, २:१० मध्ये, फारोची म्हणजे इजिप्तच्या राजाची मुलगी सापडलेल्या हिब्रू मुलाबद्दल म्हणते, "मी याला पाण्यातून बाहेर काढलं", आणि मुलाचं नाव मोशे ठेवते. हिब्रूत 'माशा' म्हणजे ओढून काढणे. मराठी नावकोशांत हाच अर्थ बिनदिक्कत छापला जातो: 'मोशे = पाण्यातून काढलेला'. माझ्या मते हा अर्थ काढून टाकायला हवा. मुळात व्याकरणच आडवं येतं. 'मोशे' हे कर्तरी रूप आहे, अर्थ 'काढणारा'. ज्याला काढलं त्याला 'माशुय' म्हणायला हवं. शिवाय फारोच्या घरात मुलाचं नाव हिब्रूत कोण ठेवेल?

इजिप्तच्या भाषेत 'मेस' म्हणजे जन्मणे, मूल. थुटमोस म्हणजे 'थोथ देव जन्मला'. अहमोस, रामसेस ही त्याच घडणीची नावं. देवाचं नाव गाळून नुसतं 'मेस'ही ठेवत. सक्कारा इथल्या एका थडग्यात दुसऱ्या रामसेसच्या काळातला जमिनीचा खटला कोरलेला आहे. त्या थडग्याच्या मालकाचं नाव मेस.

सामेख-शीन
कर्तरी रूपाचा मुद्दा बरोबर. पण तुमच्या व्युत्पत्तीत एक अक्षर बसत नाही आणि तेच तुम्ही वगळलंत. इजिप्शियन 'मेस'मध्ये 'स' आहे. मोशेमध्ये शीन, म्हणजे 'श'. हिब्रूत 'स'साठी वेगळं अक्षर आहे, सामेख. त्याच निर्गमच्या १:११ मध्ये रामसेस शहराचं नाव येतं: रेश, आयिन, मेम, सामेख, सामेख. तोच 'मेस' धातू, आणि तिथे सामेख. पवित्रशास्त्रातलंच फिनहास हे नाव पाहा. हे इजिप्शियन 'पा-नेहेसी', म्हणजे 'नूबियाचा माणूस', आणि त्यावर फारसा वाद नाही. तिथेही सामेखच. परकं नाव ओळखताना आधी व्यंजनं जुळवायची. स्वरचिन्हं कित्येक शतकांनंतर लावली गेली, त्यांच्यावर भिस्त ठेवायची नाही.

लिपिवेडा
अक्षरांचे उच्चार काळाबरोबर बदलतात, हे त्यात धरा. इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकात सामेखचा उच्चार साधा 'स' नव्हता. तो आपल्या 'चमचा'तल्या दंत्य 'च'च्या जवळचा होता. पुरावा इजिप्तच्याच बाजूने मिळतो: 'अनास्तासी १' या पपायरसात लेखनिक या अर्थाचा कनानी, म्हणजे हिब्रूच्याच कुळातला, शब्द (हिब्रू 'सोफेर', सामेखने सुरू होणारा) इजिप्शियन लेखकाने 'स'च्या चिन्हाने लिहिला नाही, 'च'सारख्या ध्वनीच्या चिन्हाने लिहिला. मग त्या काळी इजिप्शियन 'स' ऐकणारा कनानी माणूस तो शीनकडेच नेणार. हित्ती राज्याशी इ.स.पू. १२५९च्या सुमारास झालेल्या तहाच्या अक्कदी (बाबिलोनकडच्या भाषेतल्या) मसुद्यात रामसेसचं नाव 'रिअमशेश' असं 'श'च्या चिन्हांनीच आहे. सामेख पुढे 'स' झाला आणि नंतर आलेली नावं सामेखने लिहिली गेली.

सामेख-शीन
'रिअमशेश' पुराव्यात धरू नका. तो मसुदा हित्ती राजधानी हत्तुशात सापडला आणि हित्ती लिखाणात 'श'ची चिन्हं सर्रास 'स'साठी वापरत. पपायरसचा मुद्दा मात्र वजनदार आहे, मान्य. पण तो मानला तर मोशे हे नाव उच्चार बदलण्याआधी आलं आणि फिनहास नंतर, असं म्हणावं लागेल. फिनहास हा मोशेचा भाऊ अहरोन याचा नातू, मोशेच्याच घरातला. दोन पिढ्यांत दोन नियम?

टेथ
मला वेगळी गोष्ट मांडायची आहे. पवित्रशास्त्रातलं स्पष्टीकरण आणि नावाचं मूळ यांत फरक पडतो, हे दाखवायला मोशेपेक्षा स्वच्छ उदाहरण दानीएलाचं. दानीएलाच्या पुस्तकात ४:८ मध्ये बाबिलोनचा राजा म्हणतो की दानीएलाचं 'बेल्टशस्सर' हे नाव माझ्या देवाच्या, म्हणजे बेलच्या नावावरून आहे. अक्षरं तसं सांगत नाहीत. नावात 'ट' आहे, म्हणजे टेथ हे हिब्रू अक्षर. बाबिलोनी 'बलाट्सु-उसुर', 'त्याच्या प्राणाचं रक्षण कर', यातला 'बलाटु' (प्राण) त्या टेथमध्ये शिल्लक आहे. खरोखर बेलवरून आलेलं बेलशस्सर पाहा, 'बेल-शर-उसुर', 'बेल, राजाचं रक्षण कर'. त्यात टेथ नाही. एका अक्षराने दोन्ही नावं वेगळी पडतात.

ताम्रपट
तरीही 'काढून टाका' याला माझा ठाम विरोध आहे. पवित्रशास्त्रातली नावं कानाने ऐकायची आहेत. २ राजे २५:२७ मधला एवील-मरोदख म्हणजे बाबिलोनचा अमेल-मर्दुक, 'मर्दुक देवाचा माणूस', कारकीर्द इ.स.पू. ५६२ ते ५६०. तिकडच्या उच्चारात स्वरांमधला 'म' 'व' होई, म्हणून अमेलचा 'अवेल'. हिब्रूत तो अलेफ, वाव, योद, लामेद असा उतरला, आणि नेमकं हेच हिब्रू 'मूर्ख' या शब्दाचं लेखन. ऐकणाऱ्याला त्या राजाच्या नावात मूर्ख ऐकू येणारच. (इंग्रजीतल्या दुष्ट या अर्थाच्या शब्दाशी याचा काही संबंध नाही, मराठी वाचकांची इथे नेहमी फसगत होते.) मोशेचंही तेच. 'काढणारा' हे रूप चुकीचं नाही, ते पुढचं सांगतं: लोकांना समुद्रातून बाहेर काढणारा. यशया ६३:११ मध्ये मोशेचं नाव समुद्रातून वर आणण्याच्या उल्लेखाला लागूनच येतं.

आणि नाव दुसऱ्या भाषेत गेलं की तिथलंच होतं. कोकणातल्या बेने इस्रायल या ज्यू समाजात शमुवेलचा सामाजी झाला, यहेज्केलचा हसाजी. मुंबईत १७९६ मध्ये सिनेगॉग बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर म्हणजे सॅम्युएल इझिकेल. 'जी' लागलेलं ते नाव निव्वळ हिब्रू म्हणून नोंदवणार का?

लिपिवेडा
नाही, सामाजीपुढे 'मूळ शमुवेल' असं नोंदवेन. मोशेलाही तोच न्याय हवा: 'मूळ इजिप्शियन मेस, निर्गम २:१० मध्ये हिब्रू माशाशी जोड'. काढून टाकण्याचा आग्रह सोडतो, पण क्रम हाच राहील.

सामेख-शीन
मग 'मूळ बहुधा इजिप्शियन' लिहा आणि पुढे कंसात 'शीनची अडचण'. फिनहासच्या सामेखचा उलगडा या धाग्यात अजून कोणी केलेला नाही.